निलगिरीची वाफ

पडशासाठी वाफ घेताना पाण्यात निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकावेत, हा सल्ला मी जवळजवळ तीस वर्षे देत आलो आहे. (तेल पोटात घ्यायचे नाही आणि ज्येष्ठांच्या मांडीवर उकळते पातेले ठेवायचे नाही, हेही त्याच दमात सांगतो.) त्या वाफेने कोणी रडल्याचे मला आठवत नव्हते. 2018 सालच्या डिसेंबरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक काकू दोन दिवसांनी पुन्हा दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "सर्दी बरी आहे हो डॉक्टर. पण वाफ घेतली की गोंदर आठवतं, आणि रडू आवरत नाही."

गोंदर म्हणजे उत्तर इथिओपियातील जुने राजधानीचे शहर. सतराव्या शतकात सम्राट फासिलिदस याने ते वसवले. त्याचा दगडी, बुरुजांचा राजवाडा आजही उभा आहे. सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीत तेथील शाळांसाठी भारतातून पुष्कळ शिक्षक नेमले जात. काकूंचे यजमान 1968 मध्ये गणित शिकवण्यासाठी गेले आणि चोवीस वर्षांच्या काकू त्यांच्यासोबत. 1974 मध्ये सम्राट पदच्युत झाले. पुढच्या वर्षी हे कुटुंब परत आले. यजमान आता नाहीत. आयुष्यातली ती सात वर्षे मात्र काकूंच्या मनात कधी मागे पडलीच नाहीत.

आणि निलगिरीच का? हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जळणाचा तुटवडा पडला म्हणून सम्राट दुसरा मेनेलिक याच्या काळात तो इथिओपियात आणला गेला आणि तेथील डोंगराळ प्रदेशात सर्वत्र पसरला. संध्याकाळी स्त्रिया त्याच्या फांद्यांचे भारे पाठीवर वाहून आणतात, चुली पेटतात, आणि गावभर निलगिरीचा धूर दरवळतो. काकूंच्या लेखी तो संसाराच्या पहिल्या संध्याकाळचा वास होता.

त्या दिवशी मी त्यांना बोलू दिले, हे एक बरे केले. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरात, डोंगरउतार पिवळ्या रानफुलांनी भरतात. त्याच सुमारास तिकडचे नवे वर्ष सुरू होते. वर्षाचे महिने तेरा, शेवटचा पाच-सहा दिवसांचा. घड्याळ सकाळपासून मोजायचे, म्हणजे आपले सकाळचे सात ते त्यांचा एक. शेजारीण हिरवे कॉफीचे दाणे समोर बसून तव्यावर भाजायची, भाजल्या दाण्यांचा धूर पाहुण्यांपुढे फिरवायची, शेजारी निखाऱ्यावर धूप जळत असे. मग काळ्या मातीच्या सुरईतून तीन फेऱ्या: आबोल, तोना, बेरेका. तिसरी न घेता उठणे शिष्टाचाराला सोडून. आणि उजेड? समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच प्रदेश, पावसाने धुतलेली विरळ हवा. "तसा उजेड मी पुन्हा पाहिला नाही," काकू म्हणाल्या.

घरच्यांना वेगळीच शंका होती. मुलाने मला बाजूला घेऊन विचारले, "आईला विस्मरणाचा आजार तर नाही ना?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात उद्भवतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण स्वतःच्याच घरात बसून "मला घरी न्या" म्हणतो. बहुधा संध्याकाळी तो अस्वस्थ होतो, समोरचे घर त्याला परके वाटते, आज कोणता वार हे सांगता येत नाही. काकूंना वार, तारीख, औषधांच्या वेळा, दूधवाल्याचा हिशेब सारे ठाऊक होते. आपण इथे आहोत आणि ते तिथे आहे, हे त्यांना नेमके कळत होते. दुःख त्याचेच होते. अशी ओढ हा आजार नव्हे. एके काळी वैद्यकाने तिला आजार मानले होते खरे. 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथे प्रबंध लिहून, मायदेशापासून दूर असलेल्यांच्या खंगण्याला 'नोस्टाल्जिया' हे नाव दिले. परतण्याची वेदना, असा त्या ग्रीक शब्दांचा अर्थ. आज कोणी त्यावर गोळी देत नाही, देऊही नये.

वासाने माणूस असा एकदम मागे का खेचला जातो, याला शरीररचनेचा आधार आहे. दृष्टी, श्रवण, स्पर्श यांचे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या केंद्रातून जातात आणि मग मेंदूच्या बाह्य पटलावर पोहोचतात. गंधाचा संदेश मात्र तो थांबा टाळून भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या थेट शेजारी उतरतो. त्यात तारुण्यातील आठवणी उतारवयात सर्वांत ठळक उरतात. चोविसाव्या वर्षी घेतलेला वास म्हणूनच चौऱ्याहत्तराव्या वर्षी डोळे भरून आणतो. याची दुसरी बाजूही काळजीवाहकांनी ध्यानी ठेवावी. वयोमानाने गंधज्ञान मंदावतेच. पण फोडणीतील हिंग, करपलेले दूध, गॅसची गळती यांपैकी काहीच कळेनासे झाले, तर डॉक्टरांना सांगावे. कधी कारण नाकातील साधे असते, कधी ती पार्किन्सन किंवा अल्झायमर या आजारांची आगाऊ चाहूल असते.

उजेडाचेही तसेच. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडवू लागते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर काकू पट्टी काढून आल्या त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ताना सरोवराचा निळा रंग अगदी असाच होता." समोर माझ्या दवाखान्याचा प्लॅस्टिकचा पडदा होता.

आता माझी चूक. 2018 मध्ये त्यांनी स्पष्ट विचारले होते, "एकदा जाऊन येऊ का?" रक्तदाब आटोक्यात, साखर नुकतीच वाढू लागलेली, गुडघे बरे. नाही म्हणण्याजोगे कारण माझ्याकडे नव्हते. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू, काकू." पुढच्या वर्षी मुलीच्या घरचे कार्य निघाले. 2020 मध्ये कोविड आला. त्याच नोव्हेंबरात तिग्राय प्रांतात युद्ध पेटले आणि दोन वर्षे चालले. 2023 पासून गोंदर ज्या अम्हारा प्रदेशात आहे तेथेच सशस्त्र संघर्ष सुरू झाला. मधल्या काळात काकूंचे खुब्याचे हाड मोडले. ज्येष्ठांना "पुढच्या वर्षी" म्हणताना आपण आपल्या वयाचे वर्ष मोजतो, त्यांच्या वयाचे नव्हे. तेव्हापासून मी हे शब्द टाळतो.

आज काकू एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, चाकांच्या खुर्चीशिवाय लांब चालत नाहीत. गोंदरला जाता येणार नाही, हे त्यांनी स्वीकारले आहे. मुलाने यंदा विचारले, निदान अदिस अबाबा? मुंबईहून थेट विमान पाच-सहा तासांचे आहे, निलगिरी तिथेही आहे, कॉफी आहे, सप्टेंबरातली फुले आहेत. या वेळी मी खुर्ची पुढे ओढून बसलो. अदिस साधारण 2,300 मीटर उंचीवर आहे. म्हणून हृदयाची तपासणी, हिमोग्लोबिन, चालवून पाहिल्यावर रक्तातील प्राणवायू, हे सारे आधी. पहिले दोन दिवस विश्रांती, पाणी पुरेसे, औषधे हातातल्या पिशवीत, विमानात तासाला पायांची हालचाल.

खरा अडसर निराळाच निघाला. इथिओपियातून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलग राहावे लागू शकते. साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका, विरळा असला तरी, तरुणांपेक्षा अधिक असतो. एक्याऐंशीव्या वर्षी मी ती सहजासहजी देणार नाही. हे सांगताना मला पुन्हा "नाही" म्हणावे लागणार, असेच वाटत होते.

काकूंनी शांतपणे विचारले, "आम्ही तेव्हा घेतली होती, ती चालत नाही का?"

ती चालते. या लसीच्या दाखल्याची मुदत पूर्वी दहा वर्षांची असे. जुलै 2016 पासून तो आजीवन ग्राह्य धरला जातो, जुने दाखलेही. प्रश्न होता तो सापडण्याचा. चार दिवसांनी मुलाने माळ्यावरच्या ट्रंकेतून, यजमानांच्या वह्यांखालून, एक पिवळी पुस्तिका काढून आणली. शिक्का पुसट, पण तारीख वाचता येणारी. अलीकडच्या पानावर देवीच्या लसीची नोंद, आणि खाली चोवीस वर्षांच्या काकूंची सही. अधिकृत लसीकरण केंद्रात ती दाखवून खात्री करून घ्या, असे मी मुलाला सांगितले आहे.

काकू बराच वेळ त्या सहीवरून बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "स्वेटर एकच घेऊ ना? सप्टेंबरात दुपारी ऊन असतं तिथे."

मी म्हणालो, दोन घ्या.