'एसीई-२' : प्रयोगशाळेत घडवलेले मानवी विकर

मानवी पेशींच्या पृष्ठभागावरील 'एसीई-२' या विकराचा, म्हणजेच एन्झाइमचा, शोध २००० मध्ये लागला. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या अँजिओटेन्सिन-२ मधील एक अमिनो आम्ल तोडणे, हे त्याचे काम. मात्र सार्सचा विषाणू याच विकराला चिकटून पेशीत शिरतो, असे २००३ मध्ये आढळले. कोविड-१९ च्या विषाणूचीही तीच वाट असल्याचे २०२० मध्ये स्पष्ट झाले.

संशोधनासाठी या विकराचे जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी किंवा हॅमस्टरच्या पेशींत घालून ते तयार करवून घेतात. जिवाणूंत ते स्वस्तात बनले असते. पण मानवी प्रथिनावरील शर्करेच्या साखळ्या नेहमीच्या वापरातील जिवाणू जोडू शकत नाहीत. प्रथिन मानवीच हवे, हा आग्रहही सकारण आहे. कोविडचा मूळ विषाणू उंदराच्या एसीई-२ ला नीट चिकटत नसे, त्यामुळे ते वापरून केलेला प्रयोग फसवा ठरला असता.

केवळ शुद्धता तपासून भागत नाही. विषाणूला चिकटणे आणि अँजिओटेन्सिन तोडणे या भिन्न क्षमता आहेत. पहिली शाबूत असूनही दुसरी नष्ट झालेली असू शकते. म्हणून विकराची क्रियाशीलता वेगळी मोजावी लागते.

विद्राव्य मानवी एसीई-२ मुळे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्रपिंडाच्या सूक्ष्म प्रतिकृतींतील संसर्ग घटल्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही संशोधकांना मिळणाऱ्या कुपीवर 'केवळ संशोधनासाठी' असेच छापलेले असते. रुग्णाला टोचावयाच्या औषधाच्या कसोट्यांवर तो साठा पारखलेला नसतो.