हळदीचा डाग उन्हात का उडतो?

आमटी सांडलेला पांढरा सदरा साबणाने घासला की पिवळा डाग चक्क लाल होतो! हळदीतलं कर्क्युमिन निळा प्रकाश शोषतं, म्हणून पिवळं दिसतं. कपड्यांचा साबण अल्कधर्मी. त्यात कर्क्युमिनच्या रेणूतला हायड्रोजन सुटतो, वेगळा प्रकाश शोषला जातो. लिंबू पिळा, डाग पुन्हा पिवळा.

खरी गंमत पुढेच. कर्क्युमिनचा रेणू लांब साखळीसारखा. ती अखंड असेपर्यंतच हा रंग. ऊन ती तोडतं. उरलेले तुकडे डोळ्यांना दिसणारा प्रकाश फारसा शोषत नाहीत, डाग फिका पडत जातो. म्हणून तेलकटपणा साबणाने काढून सदरा कडक उन्हात वाळत घाला. ब्लीच ओतून ते गटारात सोडायची गरजच काय? रंगीत कपड्याला मात्र जपा, उन्हाने त्याचाही रंग उडतो.