कुटुंबप्रमुख बाई आहे, म्हणजे निर्णय तिचा आहे?

घरखर्चाचा सरकारी डेटा हातात आला की बऱ्याच जणांना पीएचडीचा एक विषय हमखास सुचतो. स्त्रीप्रमुख आणि पुरुषप्रमुख कुटुंबं वेगळी काढायची, दोघांच्या खर्चाची तुलना करायची आणि लिहायचं की बाईच्या हाती निर्णय असला की खर्च असा असा बदलतो. कोड लिहायला एक दुपार पुरते. पण थांबा. त्या डेटात ‘निर्णय कोण घेतं’ हा रकानाच नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत प्रत्येक सदस्याचं लिंग, वय, शिक्षण आणि प्रमुखाशी नातं नोंदवलं जातं. आणि प्रमुख कोण? घरचे लोक ज्याला प्रमुख मानतात तो. बस्स, एवढीच व्याख्या. घर सून चालवते, किराणा सासूबाई ठरवतात, पण नाव अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचं सांगितलं जातं. सांख्यिकीच्या भाषेत हा व्हेरिएबल मान मोजतो, अधिकार नाही.

गंमत बघा. अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार रेशनकार्डासाठी घरातली १८ वर्षांवरची सर्वात मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली जाते. म्हणजे त्याच घरात रेशनकार्डावर आजी प्रमुख आणि सर्वेक्षणाच्या तक्त्यात आजोबा. तुम्ही कुठला डेटा उघडता त्यावर प्रमुखाचं लिंग बदलतं!

आता कोकणात या. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, चाकरमानी मुंबईत. नमुना सर्वेक्षणात सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ बाहेर असलेला माणूस घराचा सदस्य धरत नाहीत. त्यामुळे गावातलं घर स्त्रीप्रमुख होतं. पण पैसे मुंबईहून येतात आणि पत्रे बदलायचे की नाही हे फोनवर ठरतं. हे घर आणि एकट्या विधवेचं घर, दोघांनाही तुमच्या डेटात एकच कोड. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करताना तुम्ही निर्णयाऐवजी स्थलांतर मोजत बसाल.

मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वापरू, असं तुम्ही म्हणाल. तिथे थेट विचारतात: स्वतःचा औषधोपचार, घरातली मोठी खरेदी, माहेरी-नातेवाइकांकडे जाणं, हे कोण ठरवतं? तुम्ही, नवरा, दोघं मिळून की आणखी कोणी? पाचव्या फेरीच्या (२०१९-२१) फॅक्टशीटमध्ये ‘तीन निर्णयांत सहभाग’ ८८.७ टक्के दिसतो आणि लोक तो तसाच उचलतात. मूळ अहवाल उघडा. तिन्ही निर्णयांत सहभागी असलेल्या स्त्रिया ७१ टक्के आहेत आणि एकाही निर्णयात नसलेल्या ११ टक्के. म्हणजे ८८.७ हा ‘निदान एका तरी निर्णयात’चा आकडा आहे. शिवाय ‘दोघं मिळून’ हे उत्तरही सहभागातच मोजलंय.

आणि हे प्रश्न फक्त १५ ते ४९ वयाच्या, सध्या विवाहित स्त्रियांना विचारतात. विधवा बाहेर, साठीच्या सासूबाई बाहेर. ज्या बाईला खरोखर एकटीने ठरवावं लागतं, तीच या आकड्यात नाही. जिल्हावार आकडे शोधत असाल तर तेही मिळणार नाहीत. हे प्रश्न फक्त राज्यस्तरीय अंदाजासाठीच्या छोट्या नमुन्यात आहेत.

याचा परिणाम कुठे होतो? गरिबी मोजताना. समजा, विधवा आई आणि मुलगी, महिन्याचा खर्च ९,०००. शेजारी पाच जणांचं घर, खर्च २०,०००. दरडोई भागलात तर मायलेकी ४,५०० वर आणि शेजारी ४,००० वर, मायलेकी वरचढ! पण भाडं, दिवा, गॅस माणसांच्या प्रमाणात वाढत नाहीत. सदस्यसंख्येच्या वर्गमुळाने भागून बघा: मायलेकी सुमारे ६,३६४, शेजारी सुमारे ८,९४४. निष्कर्ष उलटा झाला. ज्याँ द्रेझ आणि पी. व्ही. श्रीनिवासन यांनी १९९७ च्या ग्रामीण विधवांवरच्या शोधनिबंधात नेमकं हेच दाखवलं होतं: साध्या दरडोई हिशोबात स्त्रीप्रमुख घरं जास्त गरीब दिसत नाहीत, पण कुटुंबाच्या आकाराची थोडी जरी दुरुस्ती केली की चित्र पालटतं. उद्या कोणी ‘स्त्रीप्रमुख घरं बरी आहेत’ म्हणून पेन्शनच्या यादीला कात्री लावली, तर आधाराला तुमच्यासारख्याचाच तक्ता असेल.

म्हणून ‘स्त्रीप्रमुख’ हा एक डमी व्हेरिएबल टाकून मोकळे होऊ नका. प्रमुखाची वैवाहिक स्थिती, घरात प्रौढ पुरुष आहे का, बाहेरून पैसे येतात का, यांनुसार आधी गट पाडा. स्वतः फील्डवर्क करणार असाल तर ‘निर्णय कोण घेतं’ असं मोघम विचारू नका. उत्तर ‘हेच घेतात की सगळे’ असं येतं. विचारा, मागच्या महिन्यात घरात मोठी वस्तू कोणती आली, आधी विषय कोणी काढला, पैसे कोणाच्या खात्यातून गेले, आणि तुम्ही नको म्हटलं असतं तर ती आली असती का. नवरा शेजारी बसलेला असेल तर तेही प्रश्नावलीत लिहून ठेवा.