मी दार तोडते! (रोल-प्लेइंग गेम आणि आपण मुली)

सुरुवातीलाच सांगून टाकते, हा लेख कॉम्प्युटर गेमवर नाही. ह्यात स्क्रीन नाही, ग्राफिक कार्ड नाही, हॉस्टेलच्या वाय-फायचीही गरज नाही. लागतं काय, तर एक टेबल, चार-पाच डोकी, कागद, पेन्सिल आणि फासे. ह्या खेळाला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर शनिवारी रात्री जो आरडाओरडा चालतो तो ह्याच खेळाचा! रेक्टर मॅडमना आणि शेजारच्या खोल्यांना बऱ्याच दिवसांपासून स्पष्टीकरण द्यायचं राहिलं होतं. म्हटलं, मॅगझिनमध्येच देऊन टाकू. माझं शिक्षण साताऱ्याला कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने बघून घ्यावं.

खेळतात कसं?

एक जण गोष्ट सांगणारा. त्याला डन्जन मास्टर, म्हणजे थोडक्यात डीएम म्हणतात. बाकीच्यांनी प्रत्येकी एक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी भुरटा चोर. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे त्यावर आकड्यात लिहिलेलं असतं. मग डीएम म्हणतो, "गडाचा दिंडी दरवाजा बंद आहे. बुरुजावर दोन पहारेकरी पेंगतायत. तुम्ही काय करता?"

बस्स! पुढचं कुठेच लिहिलेलं नसतं. तुम्ही दार तोडा, पहारेकऱ्याला गूळ-शेंगदाणे देऊन फितवा, नाहीतर घोरपड शोधत बसा. जे कराल ते तोंडाने सांगायचं. जमलं की नाही ते फासा ठरवतो.

फासा वीस बाजूंचा. समजा दार तोडायला १५ हवेत आणि तुमच्या ताकदीचे ३ मिळतात. म्हणजे फाशावर १२ किंवा जास्त पडलं पाहिजे, शक्यता ९/२०, म्हणजे ४५%. मैत्रिणीने खांदा लावला तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. आता दोन्ही फासे फसण्याची शक्यता (११/२०) चा वर्ग, म्हणजे सुमारे ३०%. जमण्याची शक्यता ४५ वरून थेट ७० वर! एम-थ्रीच्या पेपरात प्रॉबॅबिलिटीला घाबरणाऱ्यांनी दोन शनिवार आमच्याकडे यावं.

ह्या प्रकारचा पहिला छापील खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन ह्या दोघांनी तो अमेरिकेत १९७४ साली काढला. त्याचं मूळ टेबलावर छोटी सैन्यं मांडून लढायच्या युद्धखेळांत. ते खेळणारे बहुतेक सगळे पुरुष. त्यामुळे नवा खेळही पुरुषांनी पुरुषांसाठी केल्यासारखाच झाला.

बाईची ताकद किती?

१९७८ च्या नियमपुस्तकातली गंमत बघा. योद्ध्याची ताकद जास्तीत जास्त १८ आणि त्याच्यापुढे टक्केवारी. पुरुष योद्धा १८/१०० पर्यंत जाऊ शकतो. बाई असेल तर १८/५० ला फुलस्टॉप. १८/१०० वाल्याला प्रत्येक वाराला ६ जादा नुकसान करता येतं, १८/५० वालीला फक्त ३. म्हणजे बरोब्बर निम्मं! त्याआधी १९७६ मध्ये 'द ड्रॅगन' मासिकात स्त्री-पात्रांसाठी नियम सुचवणारा एक लेख आला होता. त्यात बायकांच्या कागदावर 'व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव' ह्या गुणाच्या जागी 'सौंदर्य' घातलं होतं.

कुणी म्हणेल, वास्तवाला धरून नको का? पण ज्या खेळात ड्रॅगन आग ओकतो आणि जादूगार बोटातून वीज सोडतो, तिथे वास्तव फक्त बाईच्या दंडापाशीच कसं आठवतं? १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा काढून टाकली. खेळ कोसळला नाही, ड्रॅगनही रडला नाही.

बायका तेव्हाही ह्या खेळात होत्याच. ली गोल्ड ह्या बाईंनी १९७५ मध्ये 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' नावाचं खेळाडूंचं पत्रिकारूपी मासिक सुरू केलं. जगभरच्या खेळाडूंनी आपले नियम आणि भांडणं त्यात पाठवायची, ह्यांनी एकत्र बांधून वाटायची. २०२५ पर्यंत, जवळजवळ ५० वर्षं त्यांनी ते चालवलं. जीन वेल्स १९७९ मध्ये मूळ कंपनीत गेम डिझायनर म्हणून लागल्या. त्यांचं १९८१ चं साहसपुस्तक छापून झाल्यावर कंपनीने मागे घेतलं आणि दुसऱ्याकडून पुन्हा लिहून घेतलं. लॉरा हिकमन ह्यांनी पती ट्रेसी ह्यांच्यासोबत १९८३ मध्ये 'रेव्हनलॉफ्ट' लिहिलं. त्यातला पिशाच सरदार आजही खेळाडूंची झोप उडवतो.

हे सगळं आपल्याकडे होतंच की!

आता सांगलीकरांनी कॉलर ताठ करावी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगली संस्थानात चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केलं. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो तो ह्याच नाटकामुळे. पण त्याची रीत किती जणांना माहीत आहे? सूत्रधार पदं म्हणून कथा पुढे न्यायचा. पात्रांची भाषणं लिहिलेली नसायची, ती पात्रांनी त्या त्या वेळी आपल्या मनाने बोलायची. म्हणजे सूत्रधार झाला डीएम आणि राक्षस-देव झाले प्लेअर! फासा तेवढा नव्हता.

आणखी एक नव्हतं, ते म्हणजे बाई. सीतेचं कामही मुलगाच करायचा. पुढे पलूस तालुक्यातल्या नागठाण्यात १८८८ साली जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, भामिनी झाले, रुक्मिणी झाले, सिंधू झाले. त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांची चाल बघून घरंदाज बायका तसं नेसायला-वागायला लागल्या. त्यांच्या कलेबद्दल बोलायची माझी लायकी नाही. पण विचार करा, बाईने कसं दिसावं हे ठरवणारं पात्र स्टेजवर पुरुष करत होता आणि बाई प्रेक्षकांत बसून शिकत होती.

मग हळूहळू बदललं. मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर १९२९ च्या सुमारास भावंडांसोबत नाटकात उतरल्या आणि स्वतः स्त्री-भूमिका केल्या. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' मध्ये स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली. तमाशात तर बायका आधीपासूनच होत्या. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी सगळ्यांना माहीत आहे. आणि आमच्या साताऱ्याचं नाव लावणाऱ्या कांताबाई सातारकर (ह्या २०२१ मध्ये गेल्या) ह्यांनी तर पुरुष भूमिकाही केल्या, अगदी छत्रपती शिवाजी महाराजांचीही! १८/५० चा नियम त्यांना कुणी दाखवायला हवा होता.

पण स्टेज सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. घरातल्या बाईला पात्र व्हायची जागा कुठे होती? मंगळागौरीत. रात्रभर जागून सासू व्हायचं, सून व्हायचं, सवत व्हायचं, विहिणीला टोमणे मारायचे. आणि आपल्या भागातला हादगा. पाटावर हत्ती मांडून फेर धरायचा. त्यातल्या एका गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू एकेक नवी अट पुढे करत जाते. हे आमच्या डीएमचंच काम! शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. आमच्या मेसच्या मावशी एकदा खेळ बघायला बसल्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "पोरींनो, हा तुमचा हादगाच हाय की. फकस्त खिरापत न्हाई." पुढच्या शनिवारपासून खिरापत पण असते (चिरमुरे आणि फरसाण).

'तोडतो' की 'तोडते'?

मराठीत हा खेळ खेळताना एक अडचण येते, जी इंग्लिशमध्ये येतच नाही. तिथे 'आय ब्रेक द डोअर' म्हटलं की झालं. बोलणारा कोण ते कळत नाही. मराठीत 'मी' च्या पुढे क्रियापद आलं की तुम्ही उघडे पडता. तोडतो की तोडते? मुलीने पुरुष सरदाराचं पात्र घेतलं तर तिला प्रत्येक वाक्यात "मी जातो, मी मारतो" म्हणावं लागतं. पहिला अर्धा तास सगळ्या हसतात. मग सवय होते. बसायची पद्धत बदलते, आवाज खाली येतो, हातवारे मोठे होतात.

इथे सांगली-कोल्हापूरकडच्या मुली जिंकल्या! त्या घरी पण "मी आलो, मी जेवलो" च म्हणतात. पुण्याला गेल्या की ह्यावरून त्यांना चिडवतात. आमच्या टेबलावर मात्र त्यांना सरदार व्हायला काहीच करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट 'अगं' आणि 'अहो' ची. माझी रूममेट क्लासमध्ये सहसा बोलत नाही. व्हायवाला उत्तर येत असूनही तिचा आवाज घशातच राहतो. तिने पात्र घेतलं सेनापतीचं, बाई सेनापती. पहिल्या दिवशी सगळ्या तिला "अगं ए, तू पुढे जा" म्हणत होत्या. तिसऱ्या वेळेला तिने फासा खाली ठेवला आणि म्हणाली, "सेनापतीला अहो म्हणायचं." टेबल गप्प! तेव्हापासून खेळात तिला आम्ही "अहो सेनापती" च म्हणतो. खेळामुळे व्हायवाचे मार्क वाढले असा दावा मी करणार नाही. पण आता मेसचं बिल चुकलं की काउंटरवर बोलायला आम्ही तिलाच पुढे पाठवतो, आणि ती जाते.

टेबलावरचा त्रास

सगळं गोड नाही. मी हा खेळ पहिल्यांदा सुट्टीत एका ओळखीच्यांच्या ग्रुपमध्ये खेळले. पाच मुलगे आणि मी. माझी धनुर्धारी होती. मी बोलायच्या आधीच कुणीतरी सांगायचं, "तू मागे थांब, जखमींना बघ." खानावळीत शिरलं की डीएमचा प्रत्येक माणूस माझ्याच पात्राची छेड काढायचा आणि बाकीचे हसायचे. कुणी वाईट नव्हतं. त्यांना ती गंमत वाटत होती. पण खेळात 'मी' म्हणायचं असतं, त्यामुळे जे पात्राला होतं ते थोडंफार आपल्यालाही लागतं. तीन वेळा गेले, चौथ्यांदा गेले नाही.

असे अनुभव जगभर आले, म्हणून त्यावर उपायही निघाले. एक म्हणजे 'सेशन झिरो'. खेळ सुरू करायच्या आधी एकदा बसून ठरवायचं की गोष्ट कसली हवी आणि काय मुळीच नको. दुसरा 'एक्स-कार्ड', जो जॉन स्टॅव्ह्रोपोलस ह्यांनी २०१३ च्या सुमारास मांडला. टेबलाच्या मध्ये फुली मारलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणालाही प्रसंग नकोसा झाला की कार्डाला हात लावायचा. प्रसंग तिथेच सोडून गोष्ट पुढे न्यायची. कारण विचारायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मुलीला 'नको' म्हणता येतं, त्रास होतो तो नंतरच्या "का पण? एवढं काय झालं?" चा.

आम्ही कॅरमच्या डब्यातल्या पुठ्ठ्याचं कार्ड केलंय. वर्षभरात ते दोनदाच वापरलं गेलं. एकदा प्रेताचं वर्णन फार झालं म्हणून आणि एकदा सासू झालेली डीएम फारच खरी वाटायला लागली म्हणून!

एक विनंती

बॉईज हॉस्टेलमध्ये पण हा खेळ चालतो. त्यांचं टेबल पहाटेपर्यंत रंगतं. आमचं साडेनऊला हजेरी झाली की आपापल्या खोलीत. एका खोलीत तीन कॉट, दोन टेबलं आणि सहा जणी. म्हणून आवाज होतो, म्हणून तक्रार येते. एकत्र खेळायचं म्हटलं तर ह्या दोन वेळा जुळतच नाहीत. त्यामुळे मुलांच्या टेबलावर मुली नाहीत आणि मग मुलं म्हणतात, "मुलींना असले खेळ आवडत नाहीत." ह्यात आवडीचा प्रश्न कुठे आला? दारच बंद आहे.

मागणी साधी आहे. आठवड्यातून एकदा, शनिवारी दुपारी दोन ते सहा, एखादी कॉमन जागा मुला-मुलींना मिळावी. लायब्ररीच्या खालचा हॉल तेव्हा रिकामाच असतो. स्टाफपैकी कुणी बसायला तयार असेल तर फारच छान, त्यांना आम्ही राजगुरूचं पात्र देऊ. खर्च शून्य. वीस बाजूंचा फासा नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या घडी करून पेल्यात टाका, गणित तेच राहतं. फक्त काढलेली चिठ्ठी परत टाकायला विसरू नका, नाहीतर शक्यता बदलेल!

नवीन मुलींना, खास करून फर्स्ट इयरच्या, एवढंच सांगते. नियम येत नाहीत म्हणून थांबू नका. नियम एका तासात येतात. तुमच्यासमोर दार आहे, बुरुजावर पहारेकरी पेंगतायत आणि डीएम विचारतेय, "तुम्ही काय करता?" उत्तर तुमचं तुम्हीच द्यायचं, जातो म्हणा नाहीतर जाते.