मेंदूतील आनंदद्रव्ये आणि आपली दिनचर्या

मनाची प्रसन्नता कशावर अवलंबून असते, ह्या प्रश्नाचा विचार पूर्वी मुख्यतः तत्त्वज्ञ आणि कवी करीत असत. विसाव्या शतकात तो प्रश्न रसायनशाळेतही येऊन पोहोचला. त्याच्या ह्या प्रवासातील एक महत्त्वाचा टप्पा दिल्लीत आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

एका मुळीची कथा

दिल्लीच्या करोलबागेतील आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेज हकीम अजमल खान ह्यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. त्याचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तेथे डॉ. सलीमुझ्झमान सिद्दीकी ह्यांनी सर्पगंधेच्या मुळांचे रासायनिक पृथक्करण हाती घेतले. उन्माद आणि निद्रानाश ह्यांवर ही मुळी देण्याचा प्रघात आपल्या देशात जुना होता; बिहारकडे तर तिला ‘पागल की दवा’ असेच म्हणत. १९३१ मध्ये सिद्दीकी ह्यांनी त्या मुळांतून काही अल्कलॉइडे वेगळी केली व त्यांतील एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ हे नाव दिले. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो ह्याविषयीचे आपले अनुभव १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष ह्या मुळीकडे वेधले गेले.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ह्याच मुळीतून ‘रिसर्पिन’ हे द्रव्य काढण्यात आले. १९५५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की, रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या शरीरातील सेरोटोनिन ह्या द्रव्याचा साठा रिता होतो. त्यानंतर दोनच वर्षांनी स्वीडनमध्ये आर्व्हिड कार्लसन ह्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. रिसर्पिन टोचलेले ससे निश्चल पडून राहत. त्यांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवते ते द्रव्य, टोचताच ते थोड्या वेळात हालचाल करू लागले. डोपामिन हे मेंदूतील एक स्वतंत्र कार्य करणारे द्रव्य आहे, ह्या शोधाचा पाया असा घातला गेला. ह्या संशोधनाबद्दल कार्लसन ह्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

साठा नव्हे, संदेश

रिसर्पिन घेणारे रक्तदाबाचे काही रोगी खिन्न होतात, असेही त्या काळी नोंदले गेले. त्यावरून एक सोपे समीकरण रूढ झाले : द्रव्य कमी झाले की दुःख, वाढले की सुख. हे समीकरण आज टिकत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात, नैराश्याचे कारण सेरोटोनिनची कमतरता हेच होय असे म्हणण्यास सुसंगत पुरावा मिळाला नाही. अर्थात, त्यावरून नैराश्यावरील औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांच्या गुणाचे स्पष्टीकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ही द्रव्ये म्हणजे कोठारात भरून ठेवलेला आनंद नव्हे. एक मज्जापेशी दुसरीला जो निरोप देते, तो वाहून नेणारे हे दूत आहेत. डोपामिनचेच उदाहरण घेऊ. वोल्फ्राम शुल्ट्झ ह्यांनी माकडांना दिव्याची खूण दाखवून फळाचा रस देण्यास आरंभ केला. प्रथम रस मिळताच डोपामिनच्या मज्जापेशी उद्दीपित होत. खूण ओळखीची झाल्यावर त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. आणि खूण होऊनही रस मिळाला नाही, तर त्यांचे कार्य मंदावे. म्हणजे डोपामिन हे उपभोगापेक्षा अपेक्षेशी आणि शिकण्याशी अधिक निगडित आहे. मोबाइलचा नाद होताच हात आपोआप खिशाकडे का जातो, ह्याचा उलगडा करण्यास हा प्रयोग उपयोगी पडतो.

मेंदूतच तयार होणाऱ्या वेदनाशामक द्रव्यांना एन्डॉर्फिने म्हणतात. १९९२ मध्ये जेरुसलेम येथे आणखी एक द्रव्य सापडले व त्याला ‘आनंदामाइड’ हे नाव देण्यात आले. त्यातील ‘आनंद’ हा संस्कृत शब्दच होय.

चालणे, ऊन, झोप आणि संगत

दूतांचे काम आपल्या वागणुकीनुसार बदलते. म्हणूनच दिनचर्येला महत्त्व आहे. दीर्घकाळ धावल्यावर जे सुख वाटते त्याचे सर्व श्रेय पूर्वी एन्डॉर्फिनांना दिले जाई. परंतु रक्तातील एन्डॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. आनंदामाइड मात्र शिरू शकते, आणि मध्यम परिश्रमानंतर रक्तातील त्याचे प्रमाण वाढलेले आढळते. नैराश्यावरील व्यायामाच्या २१८ चाचण्यांचा एक आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत चौदा हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. चालणे किंवा धावणे, योगासने आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम ह्यांनी लक्षणे सौम्य होतात असे त्यात दिसले. मात्र अनेक चाचण्या पुरेशा काटेकोर नव्हत्या, हेही संशोधकांनी स्वतःच नमूद केले आहे. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

उन्हाविषयीचा पुरावाही मनोरंजक आहे. ऑस्ट्रेलियात १०१ निरोगी पुरुषांच्या मानेतील नीलेतून, म्हणजे मेंदूकडून परतणाऱ्या रक्ताचे, नमुने घेण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात, मेंदूतील सेरोटोनिनची उलाढाल हिवाळ्यात सर्वांत कमी आणि ज्या दिवशी लख्ख ऊन अधिक वेळ पडे त्या दिवशी अधिक, असे दिसून आले. दिवसाचा प्रकाश मेंदूतील घड्याळही लावून देतो, त्यामुळे रात्रीच्या झोपेस साहाय्य होते. आणि झोप ही चैन नव्हे : केवळ एका रात्रीच्या जागरणानंतर मेंदूच्या एका भागात डोपामिनचा निरोप घेणारी ग्राहके कमी उपलब्ध असतात, असे २०१२ मधील एका अमेरिकन अभ्यासात आढळले.

हास्याची गोष्टही अशीच. १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया ह्यांनी मुंबईतील एका बागेत पहिला हास्यक्लब सुरू केला. पुढे २०१७ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी मेंदूच्या छायाचित्रणाने दाखवून दिले की, मित्रांच्या संगतीत हसल्यावर मेंदूत अफूसदृश वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. ह्यात ‘संगतीत’ हा शब्द महत्त्वाचा.

अभ्यासाचे बळ

दिल्लीतीलच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बाळकृष्ण आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख घेऊन ते १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी दोघे योगी ४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे पाऊण तास हात बुडवून ठेवीत. तरीही शांत अवस्थेची निदर्शक अशी आल्फा लहर त्यांच्या मेंदूत टिकून राही. ह्या प्रयोगात रासायनिक द्रव्ये मोजलेली नव्हती, आणि योग्यांची संख्याही थोडी होती. परंतु बाह्य उत्तेजनास मेंदूने द्यावयाचा प्रतिसाद दीर्घ अभ्यासाने बदलू शकतो, ह्याची ती एक आरंभीची नोंद होय.

दिल्लीकरांसाठी एक अट

पहाटे उठून फिरावयास जावे, हा उपदेश आपल्या अंगवळणी पडला आहे. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद ह्या परिसरात मात्र हिवाळ्यात त्यास अपवाद करावा लागतो. थंडीत जमिनीलगतची हवा जड होऊन साचते व वारा मंदावतो. त्यामुळे धूर आणि धुळीचे सूक्ष्म कण रात्री व पहाटे दाटून राहतात. ऊन तापू लागल्यावर हवा वर जाऊन ते काहीसे विरळ होतात. व्यायाम करताना श्वासाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, आणि त्याबरोबर हे कणही अधिक आत जातात. म्हणून त्या दिवसांत दुपारच्या उन्हात फिरणे बरे. प्रकाशाचाही लाभ होतो. हवेचा निर्देशांक ४००च्या वर, म्हणजे ‘गंभीर’ श्रेणीत असेल, तर घरातच हलकी आसने करावीत.

सवयीची मर्यादा

आनंदद्रव्ये वाढविण्याचा दावा करणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती वाचताना एवढे ध्यानात ठेवावे : शरीरातील सुमारे नऊदशांश सेरोटोनिन आतड्यात असते, आणि रक्तातून ते मेंदूत जात नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नैराश्य हा आजार आहे. आळसाचे फळ नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहिले, कशातही रस वाटेनासा झाला, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर त्या माणसाला ‘फिरायला जा’ एवढेच सांगून थांबणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला वैद्याकडे नेले पाहिजे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ ह्या शासकीय सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ असा आहे. तो शाळेच्या फलकावर आणि ग्रंथालयाच्या दाराशी लिहून ठेवण्याजोगा आहे.

प्रकाश, हालचाल, विश्रांती आणि माणसांची संगत ह्यांच्या आधारानेच मानवी मेंदू घडला. त्या चार गोष्टी त्याला रोज थोड्याथोड्या मिळाव्यात, आणि तेवढ्याने भागत नसेल तेव्हा संकोच न करता औषधोपचार घ्यावा. सर्पगंधेपासून सुरू झालेल्या ह्या शोधाचे व्यावहारिक तात्पर्य इतकेच आहे.