गाळाच्या पोटातलं पेव

तळ्याकाठी चिखलात पाय रुतलाय कधी? वरचा गाळ तांबूस असतो. पण पाय उपसला की खालून काळाकुट्ट गाळ निघतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. नाक दाबून आपण पाय धुवायला पळतो. पण एकाच चिखलाला हे दोन रंग कशाने येतात?

नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. दर पावसाळ्यात नद्यांनी माती आणली, ती बंधाऱ्यामागे साठली आणि उथळ पाणथळ तयार झाली. १९८६ साली तिथे पक्षी अभयारण्य झालं. २०१९ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत ते गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच!

इथलं पाणी एका पातळीवर राहत नाही. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं की चढतं, कालव्यांनी शेतांकडे गेलं की उतरतं. उतरलं की काठचा गाळ उघडा पडतो आणि लांब गुलाबी पायांचे शेकाटे त्यात किडे टिपत हिंडतात.

खरी गंमत मात्र गाळाच्या आत चालते. पूर्वी धान्य जमिनीखाली पेवात भरून ठेवत, ठाऊक आहे ना? गाळ हे असंच पेव. त्यात नत्र आणि स्फुरद साठलेलं असतं. वनस्पतींचं हे अन्नच.

गाळात लोहही असतं. गाळ उघडा पडला, भेगांतून हवा शिरली की ते खिळ्यासारखं गंजतं. हाच तो तांबूस रंग. हा गंज स्फुरदाला घट्ट धरून ठेवतो. पाणी चढलं की आतली हवा जिवाणू संपवून टाकतात, गंज विरघळतो आणि स्फुरद सुटून पाण्यात येतं. पेवाचं झाकण उघडलं म्हणा ना!

नत्राची तऱ्हा वेगळी. हवा असताना काही जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. हवा कोंडली की दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. म्हणजे पाण्याच्या चढउताराने जादा नत्राची आपोआप सफाई होते. स्फुरदाला असे पंख नाहीत. ते एकतर गाळात राहतं, नाहीतर पाण्यात.

करून बघायचंय? काचेच्या बरणीत तळ्याचा गाळ आणि थोडा वाळका पाला घाला, वर पाणी ओता आणि तीन-चार आठवडे खिडकीत ठेवा. झाकण सैलच असू द्या. वर्गात मी एकदा ते घट्ट लावलं होतं. उघडलं तेव्हा मधली सुट्टी आधीच झाली! खालचा गाळ काळा झालेला दिसेल. मग पाणी ओतून टाका, गाळ जुन्या ताटात पसरा. हळूहळू तो पुन्हा तपकिरी होईल. मोठ्यांना सोबत घ्या आणि नंतर हात साबणाने धुवा.

आता काळजीची गोष्ट. शहरांचं सांडपाणी आणि शेतांतली खतं नदीतून इथे येतात. पेव गच्च भरतं आणि जलपर्णी माजते. ती पाणी झाकते, खाली कुजते, हवा आणखी कमी होते, आणि गाळातून आणखी स्फुरद सुटतं. सांडपाणी उद्या थांबवलं तरी साठलेलं स्फुरद कित्येक वर्षं वर येत राहील.

म्हणून जलपर्णी काढताना ती टाकतात कुठे, हे बघा. दूर नेऊन तिचं कंपोस्ट केलं तर तिने शोषलेलं स्फुरद शेतात जातं. काठावरच ढीग घातला तर ते पुढच्या आवर्तनाला पुन्हा पाण्यात!