शेगडी : निखारा आणि हवा

मलकापूरकडे थंडीत भरताची वांगी आली की अंगणात कोळशाची शेगडी पेटते. ज्वाळेवर वांग्याची साल करपते आणि गर कच्चा राहतो. निखाऱ्यावर ते आतपर्यंत शिजते. लाल निखारा मुख्यतः प्रारणाने, एकसारखी उष्णता देतो.

शेगडी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. खाली हवेचे तोंड असावे. ते कमी-अधिक झाकून आच राखता येते. जाळी बिडाची आणि सुटी निघणारी असावी. जस्ताचा मुलामा दिलेली नको. भडक निखाऱ्यावर जस्ताची वाफ होऊन ती श्वासात जाते. आतून मातीचा जाड लेप असावा, म्हणजे उष्णता वाया जात नाही व पत्राही टिकतो.

राख दर वेळी काढावी. साचलेली राख हवा अडवते, आणि ओल धरून लोखंड गंजवते. लेपाला तडा गेल्यास चिकणमातीने बुजवून, पूर्ण वाळल्यावरच शेगडी पेटवावी.

धूर थांबला म्हणजे धोका टळला, असे मात्र नाही. खालच्या कोळशापाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर दिसणारी निळी ज्योत त्याचीच. अंगणात तो विरून जातो. बंद खोलीत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट जोडला जातो. उबेसाठी घरात नेलेली शेगडी झोपेतच जीव घेऊ शकते. थंडी सुरू होण्यापूर्वी हे वर्गात अवश्य सांगावे.